टीसीएल पावडर : ताजी असेल तरच कामाची

पावसाळा लागला की नळाला गढूळ पाणी येतं आणि वस्तीत जुलाब-उलट्या सुरू होतात. मग गटारांच्या कडेनं पांढरी पावडर टाकली जाते. हीच टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर. पण गटाराकडेच्या पावडरीनं आपल्या हंड्यातलं पाणी शुद्ध होत नाही. ती पाण्यातच, मापानं पडावी लागते.

कारखान्यात कोरड्या, विरलेल्या चुन्यावर क्लोरिन वायू सोडून ही पावडर बनवतात. १७९९ साली स्कॉटलंडच्या चार्ल्स टेनंट यांनी तिचं पेटंट घेतलं, तेव्हा ती कापड पांढरं करायला वापरत. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के उपयोगी क्लोरिन असतो. कॉलरा, टायफॉईडचे जंतू तोच मारतो. मात्र हवा, ओल आणि ऊन लागलं की क्लोरिन निघून जातो आणि मागे निव्वळ चुना उरतो. गोळे झालेली, उग्र वास गेलेली पावडर घेऊ नका. पावडर प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. धातूचा डबा गंजतो.

घरी द्रावण असं करा :

१. ताजी पावडर ३३ ग्रॅम तोलून १ लिटर पाण्यात लाकडी काडीनं ढवळा.
२. गाळ खाली बसू द्या. वरचं निवळ पाणी गडद रंगाच्या बाटलीत भरा, अंधारात ठेवा आणि पंधरा दिवसांत संपवा.
३. पिण्याचं पाणी चौपदरी कापडानं गाळा. गढूळपणा क्लोरिन खाऊन टाकतो.
४. २० लिटर पाण्यात ३ मिली द्रावण घाला. माप बिनसुईच्या सिरिंजनं घ्या.
५. झाकून अर्धा तास थांबा, मगच प्या.

आशाताईंकडून क्लोरिनच्या गोळ्या किंवा मेडिक्लोर मिळालं तर त्यावर लिहिलेलं माप पाळा.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. संडास धुण्याचं अ‍ॅसिड आणि ही पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरिन वायू सुटतो आणि थेट फुप्फुसाला इजा करतो. सफाईकाम करणाऱ्या आपल्या भावाबहिणींना हे आवर्जून सांगा. वास छातीत गेला तर लगेच मोकळ्या हवेत या आणि दवाखाना गाठा. बाटली व डबा मुलांच्या हाती लागू देऊ नका.

हे सगळं घरी करायचंच, पण शुद्ध पाणी देणं ही नगरपालिका-ग्रामपंचायतीची जबाबदारी आहे. वस्तीच्या शेवटच्या नळाला ओटी टेस्ट करायला लावा. पाणी पिवळं झालं तर त्यात क्लोरिन आहे. रंग आला नाही तर सगळ्यांच्या सह्यांनिशी लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.