जळालेल्या गावाचा फुटबॉल संघ

पूर, वादळ किंवा आग यांसारख्या आपत्तीनंतर शाळा पुन्हा सुरू करावयाची वेळ आली, म्हणजे प्रथम इमारतीची चौकशी होते, मागाहून पुस्तकांची व पाट्यांची. खेळाचे नाव, कोणी काढलेच तर, अगदी शेवटी निघते. हा क्रम सर्वस्वी बरोबर आहे काय, याविषयी विचार करावयास लावणारी एक हकीकत अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात घडली. ती शिक्षक बंधुभगिनींपुढे थोड्या विस्ताराने ठेवीत आहोत.

त्या राज्याच्या उत्तर भागात दोन खोल दऱ्यांमधील डोंगरधारेवर, पाइनच्या झाडीत, पॅरडाइज नावाचे गाव आहे. या नावाचा अर्थ नंदनवन. २०१० च्या जनगणनेप्रमाणे तेथे २६,२१८ लोक राहत होते. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी पहाटेच्या सुमारास जवळच्या दरीत एका जुन्या वीजवाहिनीतील बिघाडामुळे ठिणगी पडली. त्या वर्षी शरदातला पाऊस झालेला नव्हता, गवत वाळून कोळ झाले होते आणि ईशान्येकडून जोराचा वारा सुटला होता. त्यामुळे दीड-दोन तासांतच आग गावात शिरली. ८५ माणसे मृत्युमुखी पडली व अठरा हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या. मूळ ठिणगी यंत्राची असल्यामुळे या आपत्तीला केवळ नैसर्गिक म्हणणे कठीण आहे. परंतु तिला एवढे रौद्र रूप आले ते अवर्षण व वारा यांमुळेच.

प्राथमिक शिक्षकांना जिव्हाळ्याची वाटेल अशी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. त्या सकाळी २२ मुले व दोन शिक्षिका यांना घेऊन शाळेची एक बस आगीतून निघाली. बाहेर पडण्यास तिला सुमारे पाच तास लागले. वाटेत शिक्षिकांनी प्रथम मुलांच्या नावांची यादी करून घेतली. धूर असह्य झाला तेव्हा चालकाने आपल्या अंगातील सदरा फाडला, पाण्याने भिजवला व त्याचे तुकडे मुलांच्या नाकातोंडाशी धरावयास दिले. सर्व मुले सुखरूप पोहोचली.

आता हायस्कूलच्या संघाकडे वळू. अमेरिकेत ज्यास फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू मुख्यत्वे हातात धरून न्यावयाचा व प्रतिपक्षाने त्या खेळाडूस अंगाला भिडून पाडावयाचे, असा तो खेळ आहे. त्यात थोडेसे आपल्या कबड्डीतील पकडीचे अंग आहे, असे म्हटल्यास चालेल. पॅरडाइज हायस्कूलच्या संघाचा ९ नोव्हेंबर रोजी रेड ब्लफ येथील संघाशी बाद फेरीचा सामना ठरला होता. आग आदल्याच दिवशी लागली. तो सामना सोडून द्यावा लागला.

चौथ्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोच्या नामांकित व्यावसायिक संघाने या मुलांना आपल्या सामन्यास पाहुणे म्हणून बोलावून त्यांचा सत्कार केला. मुलांना त्याने धीर आला असेल. तथापि सत्काराची संध्याकाळ एकच असते. दुसऱ्या दिवशी कोठे जावयाचे हा प्रश्न तिने सुटत नाही. बहुतेक खेळाडूंची घरे जळाली होती. कोणी नातलगांकडे, कोणी चाकांच्या गाडीतील तात्पुरत्या घरात, तर कोणी दूरच्या गावी राहत होते. हायस्कूलची इमारत बव्हंशी बचावली होती, पण गावात राहण्याजोगे काही उरले नव्हते. पिण्याच्या पाण्यात बेंझिनसारखी घातक द्रव्ये सापडली होती. त्यामुळे वर्ग चिको शहरात, प्रथम एका बाजारसंकुलात व पुढे विमानतळाजवळच्या इमारतीत भरू लागले.

त्याच इमारतीशेजारच्या ओबडधोबड जागेवर २०१९ च्या आरंभी प्रशिक्षक रिक प्रिन्झ यांनी सराव सुरू केला. ते निवृत्तीच्या विचारात होते. तो त्यांनी लांबणीवर टाकला. मुले मोजकीच आली. अनेकांचे बूट व कपडे घराबरोबर गेले होते. खेळाच्या दृष्टीने त्या दिवसांत फारसे काही साधले नसेल. परंतु मुलांना एक ठरलेली वेळ, एक ठरलेली जागा आणि आपले नाव घेणारा माणूस मिळाला. आमच्या मते या हकीकतीचे मर्म येथे आहे. ज्याचे घर, रस्ता व शेजार एका सकाळीच नाहीसे झाले, त्याला ‘उद्या अमुक वाजता ये’ असे सांगणारी जागा हवी असते. सरावासाठी काही मुले दूर अंतरावरून येऊ लागली. काही जण शाळा सुटू नये म्हणून दुसऱ्यांच्या घरी राहिले. पुष्कळ जण परतले नाहीत. त्यांची कुटुंबे अन्यत्र गेली होती आणि त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल.

येथे एक शंका उद्भवते. संघात थोडीच मुले असतात; उरलेल्यांचे काय? ही शंका रास्त आहे. गावच्या प्राथमिक शाळेत असा प्रसंग आल्यास निवडक मुलांचा संघ उभारण्यापेक्षा सर्वांना, विशेषतः मुलींना व लहानांना, सामावून घेणारा लंगडीसारखा खेळ रोज ठरल्या वेळी घेणे अधिक उपयोगाचे होईल. त्यास साहित्य लागत नाही, मोकळी जागा पुरते.

ऑगस्ट २०१९ मध्ये हायस्कूल आपल्या मूळ जागी परतले. त्या हंगामात संघाने नियमित सामन्यांपैकी एकही गमावला नाही. विभागाच्या अंतिम सामन्यात मात्र तो सटर येथील संघाकडून हरला. आम्हांस या यशापयशाहून मोलाचा वाटतो तो पहिला सामना. २३ ऑगस्ट २०१९ रोजी तो पॅरडाइजच्याच मैदानावर विल्यम्स येथील संघाशी झाला व पॅरडाइजने ४२-० असा जिंकला. सुमारे पाच हजार माणसे तो पाहावयास आली होती. पुढे २०२० च्या जनगणनेत साऱ्या गावाची लोकसंख्या ४,७६४ भरली. म्हणजे त्या सायंकाळी मैदानाभोवती बसलेल्यांपैकी कित्येकांचे गावात घर नव्हते; सामना संपल्यावर ते डोंगर उतरून आपापल्या बिऱ्हाडी परत गेले.