नात काय काम करते?

आमच्या दवाखान्यात दर महिन्याला रक्तदाबाची गोळी लिहून घ्यायला एक गृहस्थ येतात. वय 72. इचलकरंजीत चाळीस वर्षे त्यांनी जॉबर म्हणून यंत्रमाग दुरुस्त केले. धोटा अडला, फणी बिघडली की खात्यातून हाक यायची ती त्यांनाच. गेल्या वर्षी एकदा तपासून झाल्यावर ते खुर्चीतून उठेनात. मग जरा संकोचाने म्हणाले, "डॉक्टर, नात पुण्यात नोकरीला लागली. पगारबी चांगला हाय. पन ती काम काय करती, असं कुनी इचारलं की मला सांगता येत न्हाई. कंपनी औषधं करत न्हाई, कापड इनत न्हाई. ही म्हनं लोकांच्यात जाती आनि लिवती."

मलाही नीट सांगता आले नाही. दिवाळीला ती आली तेव्हा तिलाच विचारले. तिची कंपनी म्हणजे आजच्या भाषेत स्टार्टअप. थोड्या भांडवलावर, थोड्या माणसांनी सुरू केलेला नवा उद्योग. त्यांनी ज्येष्ठांसाठी एक मोबाइल अॅप बनवले आहे. ते गोळीची वेळ आठवून देते, साखर आणि रक्तदाबाच्या नोंदी ठेवते, गरज पडली तर डॉक्टरांशी पडद्यावर गाठ घालून देते. अॅप अभियंते बनवतात. पण सत्तरीतला माणूस ते आपणहून मोबाइलमध्ये उतरवून घेत नाही. म्हणून कोणीतरी ज्येष्ठ नागरिक संघात, देवळाच्या ओसरीवर, कामगार वस्तीत जाऊन ते समजावून द्यावे लागते. त्या कामाला 'कम्युनिटी आउटरीच' असे नाव आहे. शिवाय दर आठवड्याला आरोग्यावरचा एक सोपा मराठी लेख नोंदणी केलेल्यांच्या मोबाइलवर जातो. तो लिहिण्याचे कामही तिच्याचकडे होते.

वयस्कांसाठी असे उद्योग आता अनेक निघाले आहेत. 2022 साली शंतनू नायडू या तरुणाने मुंबईत 'गुडफेलोज' सुरू केले, रतन टाटांनी त्यात गुंतवणूक केली, तेव्हा वर्तमानपत्रांतून त्याची बरीच चर्चा झाली. तिथे तर तंत्रापेक्षा सोबत हीच मुख्य सेवा. शिकलेली तरुण मुले एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना भेटायला जातात. म्हणजे नव्या तंत्राच्या उद्योगालाही शेवटी जिना चढून दार वाजवणारा माणूस लागतोच.

आपल्या भागाला हे नवीन नाही. वाचकांपैकी काहींना वारणेचा 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प आठवत असेल. 1998 साली वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातील, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या 70 गावांसाठी संगणक केंद्रे उभी करण्याचे ठरले. शेतकऱ्याला बाजारभाव, शेतीची आणि आरोग्याची माहिती गावातच मिळेल, अशी कल्पना होती. काही वर्षांनी बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चचे संशोधक तिथे पाहणीला आले. त्यांना दिसले ते असे की, संगणकाचा उपयोग प्रामुख्याने उसाच्या नोंदी, वजने, खताचा हिशेब यांसाठीच होतो आहे. आणि शेतकरी स्वतः त्या यंत्राला हात लावत नाही. तो केंद्रावरच्या मुलाला विचारतो, मुलगा बघून सांगतो. मग सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या संदेशांवर तेच काम करून पाहिले, आणि ते कमी खर्चात झाले. मला त्यातला केंद्रावरचा तो मुलगा महत्त्वाचा वाटतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने संगणक म्हणजे तोच होता. ज्येष्ठांच्या दृष्टीने अॅप म्हणजे ही दारात आलेली मुलगी असते. ती जे सांगेल, लिहील, ते कंपनीने सांगितले, किंबहुना डॉक्टरांनीच सांगितले, असे ते धरून चालतात.

पहिला धडा तिला घरातच मिळाला. अॅपमध्ये गोळीची आठवण करून देणारा एक गोड, नाजूक स्त्री-आवाज होता. आजोबांच्या मोबाइलमध्ये तिने तो मोठ्या हौसेने बसवला. आठ दिवसांनी विचारले तर आजोबा म्हणाले, "ती बाई नुसतीच पुटपुटती." मोबाइलचा आवाज पूर्ण वाढवला तरी तेच.

यात बिघाड मोबाइलचा नव्हता. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून इचलकरंजीने कापडाबरोबर बहिरेपणही विणले आहे. धोट्याच्या मागांच्या खात्यात आवाज 95 ते 100 डेसिबलपर्यंत सहज जातो. रोज आठ तास काम करणाऱ्याच्या कानाला 85 च्या पुढे धोका सुरू होतो. या बहिरेपणाची तऱ्हा वेगळी असते. प्रथम जातात ते उंच पट्टीतले, 4000 हर्ट्झच्या आसपासचे आवाज. स, श, फ, त यांसारखी व्यंजने तिथेच कुठेतरी असतात. म्हणून या माणसाला आवाज येतो, पण शब्द कळत नाही. पुरुषाचे बोलणे बऱ्यापैकी उमगते, नातवंडांचे आणि सुनेचे उमगत नाही, आणि घरात गैरसमज होतो की म्हातारा सोयीपुरते ऐकतो. त्यात जुन्या पद्धतीच्या फोनवरून साधारण 3400 हर्ट्झच्या वरचा आवाज मुळात पुढे पाठवलाच जात नाही. आधीच विरलेल्या कापडाला आणखी एक भोक.

हे मी तिला समजावले, तेव्हा तिने कंपनीत सांगून संथ, खर्जातला पुरुषी आवाज मागून घेतला आणि सोबत पडद्यावर मोठ्या अक्षरांत गोळीचे नाव. घरी ज्येष्ठ असलेल्या वाचकांनी एवढे करावे: ओरडू नये, समोर बसून, तोंड दिसेल असे, सावकाश बोलावे. आणि एकदा कानाची तपासणी करून घ्यावी. गेलेले ऐकू परत येत नाही, पण योग्य श्रवणयंत्राने घरातले संभाषण पुष्कळ सुधारते.

दुसरा धडा मात्र महाग पडता पडता राहिला.

फेब्रुवारीत एक 68 वर्षांच्या मावशी सुनेबरोबर आल्या. आयुष्यभर कांड्या भरण्याचे काम केलेले. पंधरा वर्षांचा मधुमेह, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन चालू, मूत्रपिंडाचे काम थोडे मंदावलेले, क्रिएटिनिन 1.9. तक्रार काय, तर "पायातलं बळ गेल्यागत वाटतंय." दोन दिवसांपासून जिना चढवेना. नाडी पाहिली तर मिनिटाला 50 च्या आत. हृदयाचा आलेख काढला आणि रक्तातले क्षार तातडीने तपासायला पाठवले. पोटॅशियम 6.2. ते साधारणपणे 3.5 ते 5 या दरम्यान असावे लागते. त्याहून फार वाढले तर हृदयाची लय बिघडते आणि ती पूर्वसूचना न देता बिघडू शकते. मावशींना लगेच रुग्णालयात हलवले. तीन दिवसांनी त्या घरी आल्या.

पोटॅशियम अचानक का वाढले, हे शोधताना मी आहार विचारत गेलो. नारळपाणी नाही, फळांचा अतिरेक नाही, दुखण्याच्या गोळ्या नाहीत. शेवटी सून म्हणाली, "डॉक्टर, महिना झाला आम्ही मीठ बदललंय. बीपीचं मीठ आणतोय." आणि तिने मोबाइल पुढे केला. त्यावर कमी सोडियमच्या मिठाची माहिती देणारा लेख होता. लिहिणारी आमची नात.

लेख खोटा नव्हता, हीच यातली अडचण. कमी सोडियमच्या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. चीनमधल्या 600 खेड्यांत सुमारे 21,000 लोकांवर याचा मोठा अभ्यास झाला आणि 2021 साली प्रसिद्ध झाला. त्यातले लोक पूर्वी पक्षाघात झालेले, किंवा साठी ओलांडलेले आणि रक्तदाब वाढलेले. निम्म्या गावांना नेहमीचे मीठ, निम्म्यांना असे बदललेले. सुमारे पाच वर्षांत बदललेले मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण 14 टक्क्यांनी कमी आढळले. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी 2025 मध्ये या मिठाची शिफारस केली. पण त्या अभ्यासात मूत्रपिंडाचा गंभीर विकार असलेल्यांना घेतलेच नव्हते, आणि संघटनेच्या शिफारशीतूनही असे रुग्ण, गरोदर स्त्रिया आणि लहान मुले वगळलेली आहेत. कारण साधे आहे. जास्तीचे पोटॅशियम बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडाचे. ते मंदावले असेल, आणि त्यात टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखे पोटॅशियम शरीरात राखणारे औषध चालू असेल, तर हे मीठ घात करू शकते. ही औषधे वाईट नाहीत. ती आपणहून मुळीच बंद करू नयेत. मीठ बदलण्याआधी मात्र डॉक्टरांना विचारावे.

मी नातीला फोन केला. थोडा रागातच होतो. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "डॉक्टरकाका, मूळ इंग्रजी मजकुरात शेवटी किडनीबद्दल दोन ओळी होत्या. मोबाइलच्या पडद्यावर लेख लांब होतो म्हणून शेवटचा परिच्छेद मीच गाळला." पुढच्या रविवारी ती इचलकरंजीला आली आणि थेट मावशींच्या घरी गेली. मी सोबत येऊ का, विचारले, नको म्हणाली.

त्या दिवशी ती त्या गल्लीतली आणखी पंधरा-वीस घरे फिरली. संध्याकाळी दवाखान्यात येऊन तिने वही उघडली. लेखातले 'कमी सोडियमयुक्त मीठ' हे शब्द कोणाच्याच तोंडी नव्हते. बरेच जण सैंधवालाच बीपीचे मीठ समजत होते. सैंधव हेही जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच असते, उपवासाला चालते म्हणून रक्तदाबाला चालते असे नाही. दोन घरांत नवे मीठ चवीला कमी लागते म्हणून दुप्पट घालत होते. एका घरी आजी मीठ मोजून खात होत्या, पण प्रत्येक जेवणाला खर्डा, पापड आणि लोणचे होतेच. काही घरांत ज्येष्ठांना मराठीपेक्षा कानडी वाचायची सवय. आणि बहुतेक ठिकाणी लेख ज्येष्ठ वाचतच नव्हते. सून किंवा नातू वाचून त्यातले एक वाक्य सांगत होते. म्हणजे अट शेवटच्या परिच्छेदात असती तरी ती कानापर्यंत पोहोचली नसती.

तो लेख तिने परत लिहिला. पहिलेच वाक्य असे: किडनीचा त्रास असेल किंवा बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ आणू नका. मग दिवसाला सगळे मिळून एक सपाट चहाचा चमचा, म्हणजे पाच ग्रॅम, ही मर्यादा; आणि त्यात खर्डा-पापड धरून. कंपनीत तिने हट्ट धरला की औषध किंवा आहाराचा कोणताही मजकूर नोंदणीकृत डॉक्टरांनी वाचल्याशिवाय जाणार नाही. त्यासाठी पहिले काही महिने लेख आठवड्याऐवजी पंधरवड्याला जाऊ लागले, आणि वरिष्ठांची नाराजी तिला सोसावी लागली, असे तिच्या बोलण्यातून कळले.

अशी मुले-मुली आता आपल्याही दारात येतील. त्यांना हाकलून देऊ नये. पण दोन-चार गोष्टी विचाराव्यात. तुमच्याकडे सल्ला देणारे डॉक्टर कोण, त्यांचा नोंदणी क्रमांक काय, हे पहिले. 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दूरस्थ सल्ल्याच्या चिठ्ठीवर तो क्रमांक असलाच पाहिजे. आणि संगणकी बुद्धिमत्तेने स्वतःहून औषध लिहून देण्यास त्याच सूचनांत मनाई आहे. सेवा सध्या फुकट असली तर पुढे किती पैसे पडणार, हेही विचारावे. मोबाइलवर आलेला ओटीपी घरातले जाणते माणूस शेजारी असल्याशिवाय कोणालाही सांगू नये. आभा क्रमांक काढायला पैसे लागत नाहीत. 70 वर्षांवरील सर्वांसाठी ऑक्टोबर 2024 पासून सुरू झालेले, पाच लाखांपर्यंत उपचारांची सोय असलेले आयुष्मान वय वंदना कार्डही मोफतच मिळते. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर दार लावून घ्यावे. पैसे गेलेच तर विनाविलंब 1930 वर फोन करावा. घरात बोलायला कोणी नसलेल्या ज्येष्ठांसाठी 14567 ही शासनाची मदतवाहिनी आहे, आणि शासनाच्याच ई-संजीवनीवर पडद्यावरचा सल्ला विनामूल्य मिळतो. मोबाइलवर आलेला कोणताही आरोग्यलेख मात्र, तो कितीही चांगला असो, तुमच्या औषधांच्या पिशवीसकट डॉक्टरांना दाखवा. लेख लिहिणाऱ्याला तुमचे क्रिएटिनिन माहीत नसते.

मावशी आता बऱ्या आहेत. घरात नेहमीचे आयोडीनचे मीठ परत आले आहे, थोडे कमी. नात इचलकरंजीला आली की त्यांच्याकडे जाऊन बसते आणि नवा लेख पाठवण्याआधी त्यांना वाचून दाखवते. मावशी मध्येच थांबवतात, "हे काय लिवलंयस, आमच्या भाषेत सांग की," आणि ती वहीत खाडाखोड करते.

परवा आजोबा गोळी लिहून घ्यायला आले होते. बाकावर शेजारी बसलेल्या कोणीतरी विचारले, नात काय करते? आजोबांना ते दुसऱ्यांदा विचारल्यावर ऐकू आले. म्हणाले, "जॉबरच हाय. माग न्हाईत, मोबाइल."