पुसून वापरू का? घरच्या लोशनमधलं प्रिझर्व्हेटिव्ह

आजचा प्रश्न असा : घरी लोशन करतोय, तर त्यात प्रिझर्व्हेटिव्ह घालायलाच हवं का? उत्तर देण्याआधी माझा एक पराक्रम सांगते.

दोन वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, मी बाल्कनीतल्या कोरफडीचा गर, गुलाबपाणी, खोबरेल आणि इमल्सिफायिंग वॅक्स असं घेऊन मस्त क्रीम केलं. वरून व्हिटॅमिन ई च्या दोन कॅप्सूल फोडून घातल्या. लेबलवर मोठ्या अभिमानाने लिहिलं, "नो केमिकल्स". एक डबी मावशीला दिली, टाचांच्या भेगांसाठी. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला, "अगं, झाकणाला आतून काळे ठिपके आलेत. पुसून वापरू का?"

मावशीला डायबिटीस आहे. भेगा पडलेला पाय, जखम लवकर न भरणारी त्वचा आणि त्यावर माझं बुरशी आलेलं क्रीम! मी जवळजवळ ओरडलेच, "फेकून दे!" तिला काही झालं नाही, हे नशीब. पण त्या दिवशी मी ठरवलं, हे नीट समजून घ्यायचं.

तर मुद्दा पहिला. जिथे पाणी, तिथे जंतू. बॅक्टेरिया, यीस्ट, बुरशी या सगळ्यांना वाढायला पाणी लागतं. आपल्या आज्यांना हे पक्कं माहीत होतं. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातला की घर डोक्यावर घ्यायच्या, आठवतंय? उटणंही डब्यात कोरडंच ठेवतात. भिजवायचं ते आंघोळीच्या वेळी, आणि तेवढंच. शिकेकाईचंही तसंच.

म्हणून नुसतं तेल, किंवा तेल आणि मेण वितळवून केलेला बाम, यात सहसा प्रिझर्व्हेटिव्ह लागत नाही. फक्त ओलं बोट त्यात घालायचं नाही. पण लोशन म्हणजे तेल आणि पाणी एकत्र. आणि गुलाबपाणी, कोरफडीचा गर, दूध, काकडीचा रस हे सगळं पाणीच, बरं का! उलट साध्या पाण्यापेक्षा त्यात जंतूंना खाऊ जास्त. ताज्या गराला तर मिठाई म्हणा.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. काळे ठिपके दिसतात तेव्हा खूप उशीर झालेला असतो. त्याआधी कितीतरी दिवस ते क्रीम दिसायला छान आणि वासालाही छान असू शकतं. स्युडोमोनाससारखा बॅक्टेरिया अशा पाणीदार गोष्टींत आरामात वाढतो. तो डोळ्यात गेला तर गंभीर इन्फेक्शन होऊ शकतं. तेव्हा "मी वास घेऊन बघते" ही काही तपासणी नव्हे.

मग माझ्या व्हिटॅमिन ई चं काय? ते तेलाला खवट होण्यापासून वाचवतं. जंतूंना मारत नाही. टी ट्री किंवा लवंगेचं तेल? त्वचेला सोसेल एवढ्या प्रमाणात त्यावर भरवसा ठेवता येत नाही, आणि जास्त घातलं तर त्वचाच भाजते. फ्रिज? तिथे वाढ मंदावते, थांबत नाही.

आता कामाचं बोलू. घरी वापरायला तुलनेने सोपं म्हणजे फिनॉक्सीइथेनॉल आणि एथिलहेक्सिलग्लिसरिन यांचं मिश्रण. फिनॉक्सीइथेनॉल बॅक्टेरियावर चांगलं चालतं, बुरशीवर जरा कमी पडतं, म्हणून त्याला जोडीदार देतात. युरोपियन युनियनच्या नियमात फिनॉक्सीइथेनॉलची कमाल मर्यादा १ टक्का आहे. म्हणजे २०० ग्रॅम लोशनमध्ये जास्तीत जास्त २ ग्रॅम. हा टक्का एकूण वजनाचा, फक्त पाण्याचा नाही. तयार मिश्रण घेतलं तर विक्रेत्याने दिलेलं प्रमाण वाचा आणि त्याच्या आतच राहा.

दुसरी जोडी सोडियम बेन्झोएट आणि पोटॅशियम सॉर्बेटची. सरबतं, सॉस यांच्या बाटल्यांवर ही नावं वाचली असतील. ती आम्लयुक्त मिश्रणातच नीट काम करतात, साधारण पीएच ५ किंवा त्याखाली. पीएच ७ असेल तर घातलं काय नि न घातलं काय, सारखंच. म्हणून ही वापरायची तर पीएच पट्ट्या हव्यातच. शिवाय बॅक्टेरियापेक्षा यीस्ट-बुरशीवर त्यांचा जोर जास्त असतो, हेही लक्षात ठेवा.

आता माझी पद्धत. भांडी, चमचे, बाटल्या धुऊन, वाळवून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसते. नळाचं नाही, डिस्टिल्ड पाणी घेते. ताजा गर अजिबात नाही. प्रिझर्व्हेटिव्ह ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या छोट्या डिजिटल काट्यावर मोजते. थेंब मोजायचे नाहीत, कारण प्रत्येक ड्रॉपरचा थेंब वेगळा. हातमोजे घालते, कारण नुसतं प्रिझर्व्हेटिव्ह त्वचेला आणि डोळ्यांना त्रास देतं. लोशन ४० अंशांच्या आसपास निवलं की मगच ते घालून नीट ढवळते. शेवटी पंपाच्या बाटलीत भरते, म्हणजे बोटं आत जात नाहीत, आणि वर तारीख लिहिते. एका वेळी थोडंच करते. वास, रंग, दाटपणा बदलला तर तारीख न बघता फेकते.

"पण प्रिझर्व्हेटिव्हने कॅन्सर होतो ना?" हा प्रश्न येणारच. ही भीती मुख्यतः पॅराबेनवरून आली. २००४ मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासात स्तनाच्या गाठींच्या नमुन्यांत पॅराबेन सापडले. पण सापडणं वेगळं आणि त्यामुळे कॅन्सर होणं वेगळं. त्या अभ्यासात निरोगी ऊतींशी तुलनाही नव्हती. अर्थात सगळीच प्रिझर्व्हेटिव्ह निरुपद्रवी असंही नाही. मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे लांबलचक नावाचं रसायन बघा. त्याची ॲलर्जी इतक्या लोकांना झाली की अंगावर राहणाऱ्या क्रीम-लोशनमध्ये युरोपने २०१७ पासून ते बंद केलं. म्हणून "थोडं जास्त घालू, सेफ राहील" हा विचारही चुकीचा. कमी घातलं तर जंतू, जास्त घातलं तर त्वचेला त्रास. मोजणं हाच मधला रस्ता. नवीन लोशन आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन दिवस बघा.

आणि एक खरं सांगते. हे सगळं करूनही माझं लोशन कंपनीच्या लोशनइतकं तपासलेलं नसतं. कंपन्या चाचणीसाठी नमुन्यात मुद्दाम जंतू सोडतात आणि २८ दिवस बघतात की ते मरतात का. आपल्या स्वयंपाकघरात ते होत नाही. म्हणून तान्ही बाळं, उघड्या जखमा, डोळ्यांभोवतीची त्वचा आणि डायबिटीसवाल्यांचे पाय यांच्यासाठी घरचं पाणीदार लोशन नाहीच. आणि इन्स्टाग्रामवर विकायचा विचार असेल तर थांबा. कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० प्रमाणे विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधनं बनवायला परवाना लागतो.

मावशी आता टाचांना डॉक्टरांनी लिहून दिलेलं क्रीम लावते. माझ्याकडून तिने फक्त ओठांचा बाम घेतलाय. मेण आणि खोबरेल, पाण्याचा थेंब नाही. तरी डबी घेताना विचारलंच, "याला ठिपके येणार नाहीत ना?" विचारायलाच हवं, मावशी.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या कपाटात एखादी बिनतारखेची घरगुती डबी असेल तर आज उघडून बघा. ठिपके दिसले तर पुसू नका, फेका. आणि पाणीदार असून प्रिझर्व्हेटिव्ह नसेल, तर ठिपके नसले तरी फेकाच. भेटू पुढच्या भागात!