धडधडत्या छातीने साधलेला नेम

हांगझोऊ, सप्टेंबर 2023. आशियाई स्पर्धेत 50 मीटर रायफल थ्री पोझिशनची अंतिम फेरी रंगात आली होती आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे सगळ्यांच्या पुढे होता. गुडघ्यावर बसून आणि पालथं झोपून मारायचे टप्पे उरकले. उभ्याने मारायला सुरुवात झाली आणि एक गोळी 7.6 वर गेली. जिथे प्रत्येक जण दहाच्या आसपास मारतो, तिथे एवढी घसरण भरून निघत नाही. सांघिक सुवर्ण मिळालं, पण वैयक्तिक पदक हुकलं. स्वप्नील चौथा आला.

1 ऑगस्ट 2024 ला, पॅरिस ऑलिंपिकमध्ये, याच प्रकारात त्याने 451.4 गुणांसह कांस्यपदक घेतलं. खाशाबा जाधवांच्या 1952 च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे पहिलंच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मधल्या काळात त्याची भीती गेली होती का? मुळीच नाही. अंतिम फेरीआधी आपण काही खाल्लं नव्हतं, फक्त काळा चहा घेतला होता, छाती जोरात धडधडत होती, असं त्यानेच नंतर सांगितलं. मग त्याने केलं काय? श्वासावर ताबा ठेवला, नवीन काही करून पाहिलं नाही आणि गुणफलकाकडे बघायचं टाळलं.

या खेळात धडधड इतकी का नडते, हे साध्या हिशेबाने कळतं. 50 मीटरवरच्या टार्गेटमध्ये दहाच्या वर्तुळाचा व्यास 10.4 मिलिमीटर असतो. बंदुकीच्या पुढच्या-मागच्या साइटमध्ये मीटरभर अंतर धरलं, तर पुढचं टोक मिलिमीटरच्या एक दशांशाने हललं तरी गोळी पाच मिलिमीटर सरकते. दडपण आलं की नाडी वाढते, श्वास उथळ होतो, बोटं थरथरतात. म्हणूनच हृदयाचे ठोके मंदावणारी बीटा ब्लॉकर औषधं नेमबाजीत स्पर्धेच्या दिवशीच नव्हे, एरवीही निषिद्ध आहेत. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूची दोन्ही पदकं अशाच औषधापायी काढून घेतली गेली.

त्याच बीजिंगमध्ये अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स शेवटच्या गोळीआधी 3.3 गुणांनी पुढे होता. साधारण नेम लागला असता तरी सुवर्ण त्याचंच होतं. पण नळी टार्गेटवर पुरती स्थिरावण्याआधीच चाप दाबला गेला. गुण मिळाले 4.4 आणि तो चौथ्या क्रमांकावर गेला. चार वर्षांपूर्वी अथेन्समध्येही तो आघाडीवर असताना त्याची शेवटची गोळी शेजारच्या लेनच्या टार्गेटवर गेली होती. दोन्ही वेळा चूक झाली ती नेहमीच्या क्रमातल्या एका पायरीवर.

मोठ्या कसोटीआधी काहीतरी ठरलेलं करावं, ही माणसाची जुनी ओढ. नेमबाजालाही असा ठरलेला क्रम लागतो, फक्त तो प्रत्येक गोळीआधी पाळावा लागतो. पाय रोवायचे, डोळे मिटून अंग सैल सोडायचं. डोळे उघडल्यावर नळी टार्गेटच्या बाजूला गेलेली दिसली, तर ती हाताने ओढून आणायची नाही. पायांची जागा बदलायची. श्वास घ्यायचा, थोडा सोडून थांबायचं, चाप हळूहळू दाबायचा आणि गोळी सुटल्यावरही क्षणभर तसंच राहायचं. काही सेकंदांत नेम बसला नाही, तर बंदूक खाली घेऊन पहिल्यापासून सुरुवात. ही शेवटची पायरी सगळ्यांत अवघड. घाबरलेल्या माणसाला एकच वाटतं, एकदाचं सुटावं. आणि घाईतली गोळी तिथेच सुटते.

पिस्तुलाच्या काही प्रकारांत मात्र अशी उसंतही नसते. 25 मीटर पिस्तूलच्या जलद टप्प्यात सात सेकंद हात खाली ठेवायचा आणि पुढच्या तीन सेकंदांत उचलून गोळी मारायची. 2018 च्या जकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धेत कोल्हापूरची राही सरनोबत आणि थायलंडची खेळाडू यांचे गुण 34-34 असे सारखे झाले. शूट-ऑफमध्येही बरोबरी झाली. दुसऱ्या शूट-ऑफमध्ये राहीने सुवर्ण जिंकलं. तीन सेकंदांत विचार करायला वेळच नाही. तिथे अंगवळणी पडलेलंच कामाला येतं.

ते अंगवळणी पडतं रिकाम्या बंदुकीच्या सरावातून. गोळी न भरता, कोऱ्या भिंतीसमोर उभं राहून नेम आणि चाप एवढंच घोटायचं. समोर टार्गेट नाही, म्हणून गुणही नाहीत. मन आपोआप कृतीवर राहतं. हे जमलं की उलट बाजूचा सराव: मुद्दाम दडपण आणायचं. सरावाच्या अखेरीस एकच गोळी मोजायची, मागे मित्रांना गलका करायला सांगायचं, पळून येऊन धाप लागलेली असतानाच नेम धरायचा. छाती धडधडताना काय होतं, हे आधीच ठाऊक असलं की स्पर्धेच्या दिवशी ती धडधड परकी वाटत नाही.

पोलीसभरतीसाठी पहाटे मैदानावर धावणाऱ्या किंवा एमपीएससीच्या मुलाखतीला बसणाऱ्या आपल्या भागातल्या मुलामुलींनाही यातलं बरंच उचलता येईल. ‘घाबरू नकोस’ या सल्ल्याचा उपयोग फारसा होत नाही. त्यापेक्षा घाबरल्यावर पहिलं काय करायचं, दुसरं काय, हे आधीच ठरवून द्यावं आणि तालमीतच घोटून घ्यावं. मग हात थरथरला तरी पुढची पायरी चुकत नाही.