जुना संकेतपत्ता सोडावा की सांभाळावा?

सातारा/सांगली - बँकेचे नाव तेच, शाखा तीच, कर्मचारीही तेच. बदलला तो केवळ इंटरनेटवरील पत्ता. रिझर्व्ह बँकेने २२ एप्रिल २०२५ रोजी काढलेल्या परिपत्रकाने देशातील बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या राखीव पत्त्यावर येणे बंधनकारक केले. त्यात व्यापारी बँकांबरोबरच नागरी आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांचाही समावेश आहे. सहकाराचे जाळे गावोगाव पसरलेल्या सातारा व सांगली जिल्ह्यांत त्यामुळे नवाच प्रश्न उभा राहतो. जुन्या पत्त्याचे, म्हणजेच डोमेन नेमचे, काय करायचे?

वापर नाही, तर दरवर्षी पैसे कशाला भरायचे, हा विचार वरकरणी रास्त वाटतो. मात्र डोमेन नेम कायमचे विकत मिळत नाही. ते ठराविक मुदतीसाठी, एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी, नोंदवता येते.

मुदत संपल्यानंतर...

'डॉट कॉम' नावाची मुदत संपल्यावर नोंदणी कंपनीच्या धोरणानुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांची सवलत मिळू शकते. नाव रद्द झाल्यानंतरही ३० दिवस मूळ धारकाला जादा शुल्क भरून ते परत घेता येते. पुढच्या ५ दिवसांनंतर ते जगातील कोणालाही घेता येते.

नव्या धारकाच्या हाती केवळ नाव पडत नाही. पासबुकावर, पावत्यांवर आणि दिनदर्शिकांवर छापलेला पत्ता त्याच्याकडे जातो. तेथे हुबेहूब पान उभारून तो ठेवीदारांकडून पासवर्ड मागू शकतो. जुन्या पत्त्यावर येणारे ई-मेलही त्याला मिळू शकतात. त्या ई-मेलवर उघडलेल्या अन्य खात्यांचे पासवर्ड बदलणेही मग अवघड राहत नाही.

संस्था संपली तरी तिचे नाव लोकांच्या मनातून लगेच जात नाही. साताऱ्यात १९३६ मध्ये स्थापन झालेली युनायटेड वेस्टर्न बँक ऑक्टोबर २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये, तर १९१६ मधील सांगली बँक एप्रिल २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. या बँकांची नावे जुन्या खातेदारांना आजही परिचित आहेत. फसवणूक करणाऱ्याला नेमका असा विश्वासच हवा असतो.

निवड कशी करावी?

हा प्रश्न केवळ बँकांचा नाही. महाबळेश्वरचा हॉटेलचालक, सांगलीचा हळद व्यापारी किंवा तासगावचा बेदाणा उत्पादक पुढे उपयोग होईल म्हणून चार-पाच नावे नोंदवून ठेवतो. अशा वेळी 'नाव आज वापरात आहे का' यापेक्षा 'ते कधी वापरात होते का' हे पाहावे. जे कोठेही छापले नाही, ज्यावर ई-मेल नव्हता आणि जे व्यवसायाच्या नावाशी मिळतेजुळते नाही, ते निर्धास्तपणे सोडावे. ज्या नावाने एकदा ग्राहकांशी व्यवहार झाला, ते सांभाळावे आणि त्यावर येणाऱ्याला आपोआप नव्या पत्त्यावर नेण्याची सोय करावी. सोडणे अटळच असेल, तर आधी त्या ई-मेलशी जोडलेली सर्व खाती बदलावीत.

गेलेले नाव परत मिळवण्याचा मार्ग आहे. डोमेन नेमला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवे प्रकरणात २००४ मध्येच स्पष्ट केले. 'डॉट इन' नावांच्या वादासाठी स्वतंत्र लवाद व्यवस्थाही आहे. परंतु 'डॉट कॉम'ची तक्रार जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे नेल्यास किमान शुल्कच १५०० डॉलर पडते. नूतनीकरणाचा वार्षिक खर्च साधारणतः एक ते दीड हजार रुपयांच्या घरात असतो.

नोंदणी संस्थेच्या नावावर आहे की संकेतस्थळ तयार करून देणाऱ्याच्या, हेही तपासावे. मुदतीपूर्वी साधारण एक महिना आणि एक आठवडा आधी स्मरणपत्रे येतात. ती नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या ई-मेलवर जात असतील, तर निर्णय न घेताच नाव हातचे जाते.