बर्फावरची झोप

हिवाळ्यात केदारकंठ्याच्या वाटेला लागणारी मंडळी आता आपल्या इंदूरच्या मराठी घरांतूनही निघू लागली आहेत. जाण्यापूर्वी ती मुलांना तपासणीसाठी दवाखान्यात आणतात आणि हमखास विचारतात : स्लीपिंग बॅग किती जाड घ्यावी? उत्तरकाशी जिल्ह्यातील सांकरी हे पायथ्याचे गाव सुमारे ६,४०० फुटांवर, तर शिखर सुमारे १२,५०० फुटांवर आहे. भर हिवाळ्यात वरच्या मुक्कामी तंबू बर्फातच ठोकावा लागतो आणि रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो. तेव्हा प्रश्न रास्त आहे. पण बॅग ऊब निर्माण करीत नाही, शरीराने निर्मिलेली ऊब ती केवळ धरून ठेवते.

ही ऊब कोठून निसटते, हे नवजात अर्भकांची काळजी घेणाऱ्यास नव्याने सांगावयास नको. थंड वजनकाट्याचा स्पर्श, वाऱ्याचा झोत, गार भिंती आणि ओले अंग या चारही वाटांनी बाळ उष्णता गमावते. म्हणूनच जन्मताच आपण त्याला प्रथम कोरडे करतो आणि टोपडे घालतो. बर्फातील तंबूतही हेच शास्त्र चालते.

तेथील वजनकाटा म्हणजे अंगाखालचा बर्फ. शरीराच्या भाराने बॅगेतील पिसे दबतात, त्यांत कोंडलेली हवा निघून जाते आणि खाली जवळजवळ नुसते कापड उरते. म्हणून खर्च करावयाचाच तर आधी चटईवर करावा. पाणी न शोषणाऱ्या फोमच्या दोन चटया एकावर एक घातल्या तर उत्तम. तंबू लावण्यापूर्वी बर्फ तुडवून सपाट करावा व अर्धा तास घट्ट होऊ द्यावा. एरवी रात्री अंगाखाली खळगा पडतो आणि पहाटेपर्यंत तो दगडासारखा गोठतो.

ओलाव्याची गोष्ट मात्र दुपारच्या चढावरच सुरू होते. घाम फुटण्याआधीच जाकीट उतरवावे. मुक्कामी पोचताच आतले कपडे बदलावेत. ते लोकरीचे वा सिंथेटिक असावेत, सुती मुळीच नकोत. झोपण्याचे मोजे निराळे ठेवावेत. बॅगेत तोंड खुपसून झोपू नये, कारण उच्छ्वासातील बाष्पाने पिसे ओलावतात. याच कारणासाठी तंबूचा झरोका थोडा उघडा असावा. शेगडी किंवा स्टोव्ह आत पेटवून ऊब आणण्याचा मोह तर प्राणघातक आहे. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास.

निजण्यापूर्वी चिक्की किंवा तुपातला लाडू खावा. गरम पाण्याची घट्ट झाकणाची बाटली मोज्यात घालून पायाशी घ्यावी. मुलांच्या उघड्या त्वचेला ती लागू देऊ नये. थंडीत लघवी अधिक होते. ती दाबून तळमळत पडण्यापेक्षा उठून जाऊन यावे. रमचे समर्थक आपल्या व्यवसायातही पुष्कळ आहेत! त्यांना एवढेच स्मरण द्यावे की, मद्याने त्वचेच्या रक्तवाहिन्या विस्फारतात. ऊब वाटते, पण ती बाहेर जात असते.

वजनाच्या मानाने मुलांच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे, त्यामुळे ती लवकर गारठतात आणि खेळण्याच्या नादात तक्रारही करीत नाहीत. कुडकुडणाऱ्या मुलाला कोरडे करून, पांघरून, खाऊ घालावे. परंतु अंग गार असताना कुडकुडणे थांबले, मूल गप्प झाले, बोलताना वा चालताना अडखळू लागले, तर तो थकवा समजू नये. कोरडे कपडे घालून त्याला मोठ्या माणसाबरोबर एका बॅगेत घ्यावे, हातपाय चोळू नयेत आणि मदत मागवून खाली नेण्याची व्यवस्था करावी. उंचीच्या विकारातही अशीच सुस्ती येते; त्यावरचाही उपाय उतरणे हाच. दहा वर्षांखालील मुलांना वरच्या मुक्कामी नेऊच नये, असे माझे मत आहे.

प्रथमच जाणाऱ्यांनी पहिली रात्र सांकरीतच, पण खोलीत न राहता तंबूत काढावी. चटई पातळ निघाली किंवा मोजे कमी पडले तर ते तेथेच कळते, आणि निवाऱ्याचे घर हाकेच्या अंतरावर असते.