संत्र्याच्या फुलावर खोटा आळ

पांढुर्णा-सौसरच्या बागांत आंबिया बहार फुटला की वाऱ्यालासुद्धा संत्र्याचा वास येतो. त्याच दिवसांत एखाद्या पोराला धाप लागली, तर घरात निकाल तयार: "फुलं बाधली!"

थांबा. संत्र्याचा परागकण जड आणि चिकट. तो मधमाशीच्या अंगाला लागून जातो, वाऱ्यावर फारसा उडत नाही. (उग्र वासानं कुणाला खोकला येतो, ती गोष्ट वेगळी.) मला विचाराल तर पावसाळ्यातल्या धापेचा संशय घ्यावा बांधावरच्या गाजर गवतावर! पावसात ते माजतं. तुम्ही तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल सजवता ना, तेव्हा या गवताला टिकलीएवढी पांढरी फुलं असतात. त्याचे कण वाऱ्यावर तरंगतात. हे गवत मूळचं अमेरिका खंडातलं. आपल्याकडे ते नजरेत आलं १९५५ च्या सुमारास, पुण्यात.

असा कण त्याचं वावडं असलेल्या दमेकरी मुलाच्या श्वासात गेला की श्वासनळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आतलं अस्तर सुजतं, कफ साचतो. मग जत्रेतल्या पिपाणीची पातळ जीभ थरथरते तशा नळ्यांच्या भिंती थरथरतात. छातीतली शिट्टी ती हीच.

दुसरा संशयित तुमच्या गोधडीत झोपतो. धुळीतला माइट नावाचा जीव, जेमतेम पाव-अर्धा मिलिमीटर. आपल्या कातडीचा गळलेला कोंडा हे त्याचं जेवण. पाणी मात्र तो पीत नाही, दमट हवेतूनच शोषून घेतो! म्हणून पावसाळ्यात त्याची चंगळ, आणि मे महिन्याच्या कोरड्या उन्हात तो चक्क वाळतो. त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या शीमुळे. शी!

हिवाळ्याची तऱ्हा निराळी. पहाटे गार हवा जमिनीलगत बसते, वर उबदार हवेचं झाकण. शेकोटीचा, चुलीचा धूर खालीच कोंडतो. त्यात सर्दीचे विषाणू. मुलांचा दमा उसळवण्यात ते सगळ्यांत पुढे.

म्हणूनच डॉक्टर विचारतात, "कधी जास्त होतं?" आणि आतल्या अस्तराची सूज आधीच आवरावी म्हणून काहींना शिट्टी नसतानाही रोज श्वासाचा पंप घ्यायला सांगतात. डॉक्टरांच्या त्या प्रश्नाचं उत्तर हवं असेल तर भिंतीवरचं कॅलेंडर घ्या. शिट्टी वाजली त्या तारखेवर गोल करा आणि बाजूला लिहा: आभाळ कसं होतं, घरात कुणाला सर्दी होती, आणि गोधडीला शेवटचं ऊन कधी दाखवलं होतं?